अंगाचा रंग

मी मॅट्रिक आहे. दहावीला मॅट्रिक म्हणण्याची रीत मोडून पुष्कळ वर्षे झाली. पण आमच्या सासरेबुवांनी ती शेवटपर्यंत पाळली. "मुलगा मॅट्रिक आहे, पण शाळा अनुदानित आहे," असे त्यांनी घरी जाऊन सांगितले, आणि त्या 'पण'वर माझे लग्न ठरले. मॅट्रिकनंतर मी चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली, पुढे चार कादंबऱ्या लिहिल्या, त्यांतल्या एकीला बक्षीसही मिळाले. परंतु सासुरवाडीच्या ओसरीवर थोरले जावई येऊन बसले, की मी पुन्हा मॅट्रिक होतो. थोरले जावई, म्हणजे माझे साडू, इंजिनियर आहेत.

त्यातल्या त्यात समाधान एवढेच, की ते कसले इंजिनियर आहेत हे सासुरवाडीत कोणालाच नीट सांगता येत नाही. पूल बांधणारा इंजिनियर लोकांना समजतो, साखर कारखान्यातला समजतो. भाऊसाहेब – घरात सारे त्यांना याच नावाने हाक मारतात – "टीव्हीत आहेत" म्हटले, की समोरचा विचारतो, "कुठल्या मालिकेत?" ते कुठल्याच मालिकेत नाहीत. कॅमेऱ्याने पाहिलेले चित्र तुमच्या-आमच्या घरी पोचेपर्यंत वाटेत बिघडू नये, एवढेच त्यांचे काम. एवढ्या वर्षांत सासूबाईंनी त्यांच्या विद्येचा उपयोग एकदाच करून घेतला: मिक्सरमधले कार्बन बदलून घेतले.

गेल्या मे महिन्यात सुट्टीसाठी आम्ही मुंबईला त्यांच्याकडे उतरलो होतो. शनिवारी दुपारी चहा पिता पिता ते म्हणाले, "मास्तर, आज संध्याकाळी आमची सभा आहे. येता? विषय रंगाचा आहे. तुम्हांला करमेल."

मी टाळाटाळ करणार होतो. इंजिनियरांच्या सभेत मॅट्रिक माणसाने जाऊन काय करायचे? पण सौभाग्यवतींनी आतून ऐकले आणि म्हणाल्या, "जा की! चार शहाण्या माणसांत बसाल." मग जाणे भागच पडले.

सभा गोरेगावला एका स्टुडिओच्या मागच्या अंगाला होती. मोठे चकचकीत सभागृह असेल, अशी माझी समजूत. निघाली ती एक लांबट खोली. मोडक्या दिव्यांच्या पेट्या भिंतीला लावून ठेवलेल्या, प्लास्टिकच्या तीस-पस्तीस खुर्च्या, कोपऱ्यात चहाचे पिंप आणि वर्तमानपत्राखाली झाकलेले बटाटेवडे. मध्ये तिकाटण्यावर एक कॅमेरा, त्याच्यासमोर रिकामे स्टूल आणि बाजूला दोन पडदे. माणसे एकेकटी येत होती. कोणी रात्रपाळी करून, कोणी रात्रपाळीला जाण्याआधी. पंचविशीची मुले होती, तीनचार मुली होत्या, आणि पहिल्या रांगेत सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ शबनम पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ते निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण एकही सभा चुकवत नाहीत असे भाऊसाहेब म्हणाले. सगळे त्यांना 'काका' म्हणत.

अशा सभा जगभर भरतात, हेही मला त्या दिवशीच कळले. चार्ल्स फ्रान्सिस जेंकिन्स नावाच्या एका संशोधकाने १९१६ साली अमेरिकेत वॉशिंग्टनला चित्रपटाच्या इंजिनियरांची एक संस्था काढली. १९५० साली तिच्या नावात टेलिव्हिजनही आला. तिच्या शाखा देशोदेशी आहेत, आपल्याकडेही आहे. आणि शाखा म्हणजे काय, तर अशीच एखादी खोली, अशाच खुर्च्या आणि कोणीतरी आणलेले खाणे. संस्था काढायची गरज का पडली, हे भाऊसाहेबांनी मला लोकलमध्ये उभ्या उभ्या समजावले होते. चित्रपटाच्या फितीला कडेने भोके असतात. त्या भोकांत यंत्राचे दाते अडकतात आणि फीत पुढे सरकते. एकाची भोके एका मापाची, दुसऱ्याचे यंत्र दुसऱ्या मापाचे, असे झाले तर एका गावचा चित्रपट दुसऱ्या गावी चालायचा नाही. तेव्हा आधी बसा आणि भोकांवर एकमत करा! पस्तीस मिलिमीटर रुंदीची फीत, चित्राच्या एका चौकटीला चार भोके, हे माप मग जगभर चालले.

ते ऐकताना मला सरस्वतीबाई फाळके आठवल्या. दादासाहेबांनी १९१२ साली लंडनहून कॅमेऱ्याबरोबर भोके पाडायचे यंत्रही आणले होते, कारण कोरी फीत बिनभोकांची येई. दादरच्या घरी, घरकाम आटोपल्यावर, अंधारात बसून बाई त्या फितीला भोके पाडीत. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांनी पाहिला. जेंकिन्ससाहेबांची संस्था निघायला अजून तीन वर्षे होती. बाईंना कोणी इंजिनियर म्हटले नाही. मी हे भाऊसाहेबांना सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "हे आज सभेत सांगा." मी अर्थातच सांगितले नाही.

सभा सुरू झाली ती भाषणाने नव्हे, भांडणाने. सहा कॅमेरे लावून एखादा कार्यक्रम टिपायचा असला, की सहाही कॅमेऱ्यांना माणूस एकाच रंगाचा दिसला पाहिजे. नाहीतर चित्र या कॅमेऱ्यावरून त्या कॅमेऱ्यावर गेले की गाणाऱ्या बाईंचे पातळ गुलाबीचे जांभळे होते. हे जुळवून घ्यायला एक माणूस कार्यक्रमभर बटणांशी बसलेला असतो. घरी बसून पाहणाऱ्याला तो असतो हेसुद्धा माहीत नसते. अलीकडे स्टुडिओत जे नवे एलईडी दिवे आले आहेत, त्यांतले स्वस्त दिवे डोळ्यांना पांढरे दिसतात, पण कॅमेऱ्याला ते तसे पांढरे वाटत नाहीत. माणसांचे चेहरे आजाऱ्यासारखे होतात. दोष दिव्यांचा की कॅमेऱ्याचा, यावर दोन तरुण इतके तावातावाने बोलत होते, की आता वड्यांपर्यंत काही पोचत नाही असे मला वाटले.

मग काकांनी एक विनोद सांगितला, जो बहुधा ते दर सभेला सांगत असावेत. अमेरिकेने १९५३ साली रंगीत टेलिव्हिजनची जी पद्धत घेतली, तिच्या नावाची आद्याक्षरे एनटीएससी. वाटेत तिचे रंग सरकत, म्हणून इंजिनियरांनी त्या अक्षरांचा अर्थ लावला: 'नेव्हर ट्वाइस द सेम कलर', म्हणजे एकच रंग दोनदा दिसायचा नाही! पुढे जर्मनीत वाल्टर ब्रुख यांनी दर ओळीआड रंगाची लाट उलटवून ती चूक आपोआप फेडून घेणारी 'पाल' पद्धत काढली, आणि १९८२ साली आपल्याकडे रंग आला तो त्या पद्धतीने. सगळे हसले. ज्यांनी पन्नास वेळा ऐकला असेल, तेही हसले.

१९८२ म्हटल्यावर मला माझे लहानपण आठवले. आमच्या गावात टेलिव्हिजन उशिरा आला, आणि आला तोही वाण्याच्या घरी, काळा-पांढरा. कार्यक्रम सुरू होण्याच्या कितीतरी आधी आम्ही पोरे त्याच्या पडवीत जाऊन बसत असू. पडद्यावर नुसते उभे पट्टे असत आणि 'कूं' असा एकसुरी आवाज. डावीकडे पांढरा पट्टा, मग थोडा मळका, मग अधिक मळका, असे करीत उजवीकडे काळा. मला ती जिन्याची पायरी वाटे. पाचसहा वर्षांनी वाण्याने रंगीत संच आणला, आणि त्याच पट्ट्यांत पिवळा, आकाशी, हिरवा, किरमिजी, तांबडा, निळा पाहून मी थक्क झालो. इतकी वर्षे हे रंग तिथेच होते आणि मला ते राखाडी दिसत होते! पट्ट्यांचा तो क्रम उगाच लावलेला नाही, हे मला या सभेत समजले. आपल्या डोळ्याला उजेड वाटतो त्यात हिरव्याचा वाटा ५९ टक्के, तांबड्याचा ३० आणि निळ्याचा अवघा ११, असा त्या काळचा हिशेब. त्याप्रमाणे सर्वांत उजळ रंगापासून सर्वांत गडद रंगापर्यंत पट्टे मांडलेले. रंगीत चित्र काळ्या-पांढऱ्या संचावरही नीट दिसले पाहिजे, अशी तेव्हा अट होती. ज्याच्या घरी रंग नाही, त्याच्या घरी निदान उजेड बरोबर पोचावा! मला ही अट फार सभ्य वाटली.

चित्र अचानक थांबून 'व्यत्यय' अशी पाटी येई, तीही आठवली. तो शब्द मी पुस्तकात वाचण्याआधी टेलिव्हिजनवर वाचला. पाटी आली की वाणी म्हणे, "झोपले वाटतं मेले!" झोपले म्हणजे हेच लोक, जे आता माझ्या आजूबाजूला बसले होते. काका त्या वेळी एका डोंगरावरच्या प्रक्षेपण केंद्रावर होते. पावसाळ्यात आठ-आठ दिवस वर अडकून पडत, पिठलेभात करून खात. डोंगरांवरची आणि तालुक्यांची ती जुनी केंद्रे २०२२ सालापर्यंत बहुतेक सारी बंद झाली. "चालू होती तोवर शिव्या खाल्ल्या," काका म्हणाले, "बंद झाली तेव्हा कोणाला कळलंसुद्धा नाही."

यानंतर जे झाले, त्यासाठी मी हे लिहीत आहे.

एका मुलीने, ती इंजिनियर होऊन चारपाच वर्षे झाली असतील, कॅमेरा सुरू केला आणि दुसऱ्या पडद्यावर एक वर्तुळ उमटले. त्याला वेक्टरस्कोप म्हणतात. पाहतो तो काय, ते माझेच रंगचक्र! दर जूनमध्ये सहावीच्या फळ्यावर मी जे काढतो ते. मध्यबिंदूपाशी रंगच नाही. मध्यापासून जितके दूर जावे तितका रंग गडद. आणि कोणत्या दिशेला गेलात त्यावर तो तांबडा की पिवळा की निळा, हे ठरते. फरक एवढाच, की माझ्या चक्रात तांबड्यासमोर हिरवा असतो आणि त्यांच्या चक्रात तांबड्यासमोर निळसर हिरवा होता. न राहवून मी तसे बोललो. पुष्कळ माना माझ्याकडे वळल्या. भाऊसाहेबांनी ओळख करून दिली, "हे आमचे साडू. चित्रकलेचे मास्तर आहेत." तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, तुमचं बरोबर आहे आणि आमचंही. तुम्ही रंग कागदावर कालवता, आम्ही उजेडात कालवतो." वीस वर्षांत माझ्या विषयाविषयी इतक्या सरळपणे माझ्याशी कोणी बोलले नव्हते.

त्या वर्तुळात, तांबडा आणि पिवळा यांच्या मधोमध नव्हे तर जरा तांबड्याकडे, एक सरळ रेघ आखलेली होती. घड्याळात अकरा वाजता तासकाटा असतो ना, साधारण त्या जागी. त्या रेघेला ही मंडळी कातडीची रेघ म्हणतात. तिने एका गोऱ्यापान मुलाला स्टुलावर बसवले, कॅमेरा त्याच्या गालावर नेला, आणि पडद्यावर धुक्यासारखा एक पुंजका त्या रेघेवर जाऊन पडला. मग भाऊसाहेब बसले. ते गव्हाळ आहेत. पुंजका त्याच रेघेवर, थोडा आत. मग तिने इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाली, "सर, तुम्ही येता?"

का बोलावले ते मला समजले. माझा वर्ण आमच्या घरात 'सावळा' म्हणून सांगतात. तो घरच्यांचा सभ्यपणा आहे. स्टुलावर बसलो तेव्हा शाळेत असताना गॅदरिंगच्या नाटकात मला नेहमी कोणते काम मिळे, ते आठवले. कॅमेऱ्याची काच जवळ आली. मी मान वळवून पडद्याकडे पाहिले. पुंजका मध्याच्या बराच जवळ होता, पण होता त्याच रेघेवर. दिशा जराही बदलली नव्हती.

"जगातल्या कुठल्याही माणसाचा गाल आणा," ती म्हणाली, "तो या रेघेच्या आसपासच पडणार. कातडीतलं काळं द्रव्य कमीजास्त असतं, पण खाली रक्त एकाच रंगाचं असतं. उजेड कमीजास्त होतो. रंगाची दिशा तीच."

मला सहावीतली एक मुलगी दिसू लागली.

ही गोष्ट त्याच वर्षीच्या जानेवारीतली. तालुक्याच्या स्पर्धेसाठी 'माझी आई' हा विषय दिला होता. मेणाच्या खडूंच्या पेटीत एक फिकट गुलाबी-केशरी खडू असतो, त्याला मुले 'स्किन कलर' म्हणतात. मीही म्हणतो. जुने मास्तर 'अंगाचा रंग' म्हणत. या मुलीने आईचा चेहरा तपकिरी रंगवला होता. नुसता फासलेला तपकिरी नव्हे. गालावर खाली तांबडा देऊन वर हलक्या हाताने तपकिरी फिरवला होता. आज आठवले की वाटते, तिने किती नीट पाहिले होते! मी घाईत होतो. पन्नास कागद गोळा करून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवायचे होते. मी म्हणालो, "अगं, हे काय मातकट केलंस? चेहऱ्याला स्किन कलर घ्यायचा, माहीत नाही?" तिने मान खाली घातली, शेजारणीकडून तो खडू घेतला आणि तपकिरीवर घासू लागली. मेणावर मेण चढत नाही. चेहरा राखाडी, चिकट झाला. तो कागद मी स्पर्धेला पाठवला नाही. मुलगी काही बोलली नाही. मीही पुन्हा कधी त्याचा विचार केला नाही. स्टुलावर बसून स्वतःचा गाल पडद्यावर पाहीपर्यंत.

सभा पुढे चालली होती. ती मुलगी सांगत होती, की अमेरिकेत कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्यांना रंग जुळवण्यासाठी एक नमुना पाठवी. त्यावर एक गोरी बाई असे. पहिल्या नमुन्यावर जी बाई होती तिचे नाव शर्ली, म्हणून पुढे सगळ्यांच नमुन्यांना शर्ली म्हणू लागले. ती चांगली दिसली की रंग जुळला! मग एकाच फोटोत काळी आणि गोरी मुले असली, तर काळ्या मुलांचे नुसते डोळे आणि दात उठून दिसत. कॅनडातल्या लॉर्ना रॉथ या अभ्यासिकेने २००९ साली याची हकिकत लिहिली. फिल्म सुधारण्याच्या मागे लागणाऱ्यांत, तिच्या लिहिण्याप्रमाणे, चॉकलेट विकणारे आणि लाकडी सामान विकणारे पुढे होते. काळे चॉकलेट आणि तपकिरी चॉकलेट फोटोत सारखेच दिसते, ही त्यांची तक्रार! खोलीत हशा पिकला, पण तो लवकर विरला.

तेव्हा काका उठले. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि उभ्यानेच बोलले. ते काय बोलले, ते मला जवळजवळ शब्दशः आठवते.

"मी एका केंद्रावर होतो. रंग नवा नवा आला होता. एक बाई यायच्या कार्यक्रमाला, काळ्यासावळ्या होत्या. आवाज असा, की ऐकत राहावं. त्यांच्या शेजारी नेहमी एक गोरे गृहस्थ बसत. मी त्या गृहस्थांवर कॅमेरा लावायचो, आणि बाई काळवंडायच्या. त्यांच्या बाजूला एक दिवा वाढवला असता, कॅमेरा जरा उघडला असता, तर जमलं असतं. मला येत होतं ते. दहा मिनिटांचं काम. पण मी मेकअपवाल्याला सांगायचो, बाईंना अजून दोन हात पॅनकेक लाव. दर आठवड्याला सांगायचो. एकदा बाई म्हणाल्या, साहेब, घरी मुलगी विचारते, आई टीव्हीत तू वेगळी का दिसतेस? मी हसलो त्यावर. पुढे त्या यायच्या बंद झाल्या. आता, कशामुळे बंद झाल्या, मला माहीत नाही." ते थोडे थांबले. "हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. सांगणार कोणाला? घरी सांगून कळायचं नाही. तुम्हांला कळेल, म्हणून सांगितलं."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणी सांत्वनही केले नाही. मागून एक तरुण म्हणाला, "काका, दिवा कुठल्या बाजूनं वाढवायला हवा होता?" मला वाटले, किती कोरडा प्रश्न! पण काकांचा चेहरा एकदम उजळला. ते पुढे गेले, स्टुलाशेजारी दुसरे स्टूल ओढले, मला पुन्हा बसवले, गोऱ्या मुलाला माझ्या शेजारी बसवले, आणि पुढची वीस मिनिटे ती सगळी मंडळी दिवे सरकवीत, बटणे फिरवीत, आम्हां दोघांना एकाच चित्रात नीट बसवायच्या मागे लागली. एक दिवा माझ्या बाजूने, जरा उंचावरून, मधे कागदाचा पडदा धरून. शेवटी पडद्यावर मी दिसलो. गोरा झालो नव्हतो, काळवंडलोही नव्हतो. आमच्या आईसारखा दिसत होतो.

आमच्या तालुक्याच्या कला शिक्षकांची सभा वर्षातून दोनदा भरते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे अर्ज कधी भरायचे, परीक्षेची फी किती, परिपत्रकात काय आले, हे सारे त्यात होते. पोहे होतात, शाल-श्रीफळ होते. परंतु एखादा मास्तर उठून म्हणाला आहे, की अमुक मुलाचे चित्र मी बिघडवले, आणि दुसऱ्याने विचारले आहे, की मग काय करायला हवे होते, असे मी ऐकले नाही. मी स्वतः कधी उठलो नाही, तेव्हा दुसऱ्याचे नाव कशाला घेऊ? पुलाच्या इंजिनियराची चूक पूल पडला की दिसते. यांची चूक एखाद्या बाईच्या गालावर असते आणि आमची एखाद्या मुलीच्या कागदावर. ज्याने केली, त्याच्याखेरीज ती कोणाला दिसतच नाही. मग तो सांगणार ती त्याच धंद्यातल्या माणसाला.

वडे तोवर गार झाले होते. तरी खाल्ले. रात्री लोकलमध्ये भाऊसाहेबांना मी त्या मुलीची हकिकत सांगितली. पंधरा वर्षांत मी त्यांना माझ्या शाळेविषयी सांगितलेली ती पहिली गोष्ट. ते मधे काही बोलले नाहीत. अंधेरी गेल्यावर म्हणाले, "मास्तर, पुढच्या वेळी येताना तो खडू घेऊन या."

गणपतीच्या सुट्टीत मी पेटी घेऊन गेलो. या वेळी सभेत दहाबाराच माणसे होती, पाऊस फार होता. कॅमेऱ्यासमोर एका कागदावर तो फिकट खडू घासला, शेजारी तपकिरी घासला, तपकिरीखाली तांबडा देऊन पाहिला. फिकट खडूचा ठिपका त्या रेघेच्या जवळच पडला. तपकिरीचाही जवळ पडला. आणि तांबड्यावर हलक्या हाताने फिरवलेला तपकिरी तर रेघेवर नेमका बसला. ती इंजिनियर मुलगी म्हणाली, "कोणी शोधलं हे?" मी म्हणालो, "माझ्या एका विद्यार्थिनीनं." तिचे वय विचारले. अकरा, मी सांगितले. काकांनी तो कागद मागून घेतला आणि घडी न घालता पिशवीत ठेवला.

परत आल्यावर शाळेच्या कपाटात मी 'माझी आई' शोधले. सापडले. ती मुलगी आता सातवीत आहे. मधल्या सुट्टीत तिला चित्रकलेच्या खोलीत बोलावले आणि तो कागद समोर ठेवला. "त्या वेळी मी चुकीचं सांगितलं होतं," मी म्हणालो. वाक्य घरून पाठ करून आलो होतो, तरी अडखळलो. "तुझाच रंग बरोबर होता. मुंबईला यंत्रावर तपासला. पुन्हा काढतेस का? मी नवा कागद देतो."

तिने चित्राकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. मास्तर चुकलो म्हणतात याचे काय करायचे, ते तिला कळत नसावे.

"नको सर," ती म्हणाली. "मी आता माणसं नाही काढत. घरं काढते."

"बरं. घरं दाखव."

तिने वही आणून दाखवली. घरे चांगली होती. कौले एकेक करून मोजून काढलेली, ओसरीच्या खांबाची सावली जिथे पडायला हवी तिथे पडलेली. एका घराच्या दारात कोणीतरी उभे होते. लुगड्याचा काठ हिरवा होता, केसांचा अंबाडा होता. बाई पाठमोरी होती.